ड्रॅगन, तरवार आणि विभागीय आयुक्तालय

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत दीडशे किलोमीटरांहूनही कमी अंतर असले, दोहोंच्या बोलीत, भाकरीत आणि निजामी अमलाच्या आठवणींत भेद शोधू म्हटले तरी तो सहसा हाती लागत नसला, आणि महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री पुरविण्याची कामगिरी उभय जिल्ह्यांनी दोन-दोन अशी समसमान वाटून घेतलेली असली, तरी एखाद्या प्रश्नावर या दोन नगरांचे एकमत झाल्याचा दाखला हवा असल्यास तो कोणत्या कचेरीत मिळतो हे, महसूल खात्याच्या दफ्तरखान्यात उभी हयात घालवूनही, मला सांगता येणार नाही. विद्यापीठ १९९४ साली नांदेडला झाले आणि लातूरच्या वाट्यास पुढे उपकेंद्र आले, हे लातूर विसरलेले नाही. नवे विभागीय आयुक्तालय नांदेडला नेण्याचे २००९ साली घाटले तेव्हा लातूर रस्त्यावर उतरले, हे नांदेड विसरलेले नाही. आणि तो मामला तेव्हा ज्या फडक्यात बांधला गेला त्याची गाठ सुटता सुटत नाही. अशा परिस्थितीत या दोन शहरांतील पोरे ड्रॅगन, चेटकिणी आणि मंतरलेल्या तरवारी यांवरून भांडू लागली, तर भांडणाचा विषय तेवढा परदेशी समजावा. वहिवाट खास आपलीच आहे.

हा विषय ज्यांच्या कानावर गेलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडी कैफियत देणे प्राप्त आहे. संगणकावर खेळण्याचे एका जातीचे खेळ असे असतात की त्यांत खेळणारा इसम एखाद्या कल्पित राज्यातील योद्धा, मांत्रिक किंवा भामटा होतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, सांगितलेली कामे करतो, आणि वाटेत आडवे येईल त्याला ठार करून बळ, विद्या व नाणी यांची कमाई करतो. पोरे या खेळांना ‘आरपीजी’ म्हणतात. असल्या खेळात मुख्य काय, लढाई की कथा, हा वादाचा मुद्दा. लढाईपक्षाचे म्हणणे असे की हातात तरवार दिली तर ती चालविण्यात कसब पाहिजे, नाहीतर सरळ कादंबरी वाचावी. कथापक्षाचे म्हणणे असे की ड्रॅगन मारण्याला सबब पाहिजे, नाहीतर सरळ खाटकाचा परवाना काढावा. माझा भाचा नांदेडला विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेत शिकतो आणि तो कथापक्षाचा कट्टर अभिमानी आहे. माझा पुतण्या लातूरला ‘नीट’च्या परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करतो आणि तो लढाईपक्षाचा मुखत्यार आहे. दोघेही माझ्या घरचेच असल्यामुळे मला तटस्थ राहणे भाग पडते, आणि तटस्थ माणसाला दोन्हीकडची बोलणी सारखीच ऐकावी लागतात.

लढाईपक्षाचा पहिला आधार वतनाचा. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा बैठा खेळ छापला, तोच या साऱ्या संगणकीय खेळांचा मूळपुरुष. आणि तो खेळ शिशाच्या सैनिकांच्या लुटुपुटीच्या युद्धखेळांतून निघाला, हे सर्वमान्य आहे. तेव्हा मूळ सनद लढाईच्या नावाची, कथा मागाहून येऊन कूळ म्हणून राहिली, असे पुतण्याचे प्रतिपादन. यावर भाच्याचे उत्तर असे की कूळ म्हणून का होईना, पण जमीन कसली कोणी? हैदराबाद संस्थानातला कूळकायदा ज्यांच्या घरात चर्चिला गेला आहे त्यांना या युक्तिवादाचे वजन सांगायला नको. १९९९ साली आलेल्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या खेळात म्हणे शब्दच आठ लाखांच्या घरात आहेत, त्याचा नायक मेला तरी मरत नाही, शवागारात जागा होतो आणि आपण कोण होतो याचा तपास करीत हिंडतो, तर २०१९ सालच्या ‘डिस्को एलिझियम’ या खेळात वेगळी अशी लढाईची व्यवस्थाच ठेवलेली नाही, सगळा व्यवहार बोलाचालीचा, आणि तरी जाणत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. पुतण्याने हे दोन्ही दाखले ऐकून घेतले आणि, “आठ लाख शब्दच वाचायचे तर मी बायोलॉजीचं पुस्तक नसतं वाचलं का?” असा सवाल केला. या सवालाला नांदेडकडून उत्तर आले नाही.

येथे लातूरची परिस्थिती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून लढाईपक्षाची मनोरचना समजणार नाही. ज्या शहराने अभ्यासक्रम लवकर संपवून उरलेला काळ सरावपरीक्षांवर सरावपरीक्षा घेण्यात घालविण्याची पद्धत काढली आणि ‘लातूर पॅटर्न’ या नावाने साऱ्या महाराष्ट्राला शिकविली, जेथे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सकाळी मेसचा डबा उघडण्यापूर्वी चार पर्यायांचे प्रश्न सोडवतो आणि रात्री तो डबा विसळून झाल्यावर आणखी सोडवतो, तेथील मुलाला एकच राक्षस पन्नास वेळा मारायला सांगितले तर त्याला त्याचे काहीच वाटत नाही. उलट हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे म्हणून त्याचा जीव रमतो. २०११ सालच्या ‘डार्क सोल्स’ या जपानी खेळात खेळाडू इतक्या वेळा मरतो की मरणे हाच त्याचा अभ्यासक्रम होय. प्रत्येक मरणाबरोबर तो चूक शोधतो आणि पुन्हा उभा राहतो. दुसऱ्यांदा परीक्षेस बसणाऱ्या मुलाला, ज्याला लातुरात ‘रिपीटर’ म्हणतात, या खेळाविषयी जो जिव्हाळा वाटतो तो प्रथम प्रयत्नातच पार पडलेल्यांना कळणे अशक्य आहे.

परंतु खरी मौज होते ती लातूरचा मुलगा कथेच्या तावडीत सापडतो तेव्हा. पोलंडमध्ये तयार झालेला ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा खेळ कथापक्षाचा धर्मग्रंथ समजला जातो, आणि त्यात एका दारूबाज सरदाराचे प्रकरण आहे. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेलेल्या. त्यांचा शोध लाव, मग तुला हवी ती माहिती देतो, असा तो नायकाशी करार करतो. शोध घेता घेता नायक एका झाडात कोंडलेल्या आत्म्यापाशी पोचतो. त्याला सोडावे तर काही अनाथ मुले वाचतात, पण सरदाराची बायको मरते आणि सरदार गळफास घेतो. त्याला मारावे तर बायको जगते पण भ्रमिष्ट होऊन, आणि मुले मात्र जातात. भाच्याने दिवाळीत हा प्रसंग पुतण्यापुढे मोठ्या भक्तिभावाने मांडला आणि त्याच्या मुद्रेवर करुणरस कधी उमटतो याची वाट पाहत बसला. पुतण्याने पडद्यावरचे पर्याय वाचले, आणखी एकदा वाचले, आणि विचारले, “बरोबर कोणता?”

“बरोबर कोणताच नाही,” भाचा म्हणाला. “तीच तर गंमत आहे.”

“कोणताच नाही म्हणजे? मग प्रश्न रद्द करायला पाहिजे. सगळ्यांना चार-चार मार्क द्यायला पाहिजेत.”

भाच्याने नैतिक पेच म्हणजे काय हे समजावून देण्याचा यत्न केला. पुतण्याने उत्तरतालिका केव्हा प्रसिद्ध होते आणि हरकत नोंदविण्याची मुदत किती याची चौकशी केली. तो थट्टा करीत होता असे कोणी समजू नये. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो या नियमाखाली ज्याची वाढ झाली, त्याला दोन्ही उत्तरांना वजाबाकी असलेला प्रश्न हा कलाविष्कार न वाटता पेपर काढणाऱ्याचा हलगर्जीपणा वाटला तर त्यात त्याचा दोष तो काय? माझे स्वतःचे मत विचाराल तर मी पुतण्याच्या बाजूचा आहे. पण हे त्याला कळू दिलेले नाही.

आता एक गोष्ट मला या निमित्ताने आढळली ती उभय पक्षांच्या अडचणीची असल्यामुळे कोणीच बोलून दाखवीत नाही. हे सारे खेळ इंग्रजीत बोलतात, तेही भराभर आणि नाना प्रकारच्या हेलांत. आणि खाली येणारी अक्षरे वाचून होईतो पात्र बोलून मोकळे झालेले असते. भाच्याचे मित्र, जे लोहा, कंधार, मुखेडकडून मराठी शाळांतून आलेले आहेत, ते निम्मी कथा ऐकतात आणि उरलेली स्वतः रचतात. त्यांच्या तोंडी त्या सरदाराचा ‘पाटील’ झालेला मी स्वतः ऐकला आहे. पाटलाची बायको माहेरी गेली, पाटील पिऊन पडला, पोरगी वेगळ्याच पंथाला लागली, आणि हा भाडोत्री माणूस त्यांची समजूत घालायला निघाला, अशी ती कथा तपशिलात इतकी चोख बसली होती की मूळ लेखकाने ऐकली असती तर मराठवाड्यात येऊन राहिला असता. यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. ‘डार्क सोल्स’चा कर्ता हिदेताका मियाझाकी लहानपणी आपल्या आवाक्याबाहेरची इंग्रजी अद्भुत पुस्तके वाचीत असे, जे समजत नसे ते कल्पनेने भरून काढीत असे, आणि पुढे त्याने आपल्या खेळांतली कथा त्याच तऱ्हेने तुटक ठेवली, हे त्याने मुलाखतींतून सांगितलेले आहे. त्याच्या खेळात कथा हवी असेल तर ती अंगठीच्या वा फुटक्या ढालीच्या वर्णनातल्या दोन ओळींतून जुळवावी लागते, म्हणजे ताम्रपट वाचणाऱ्यांसारखी स्थिती. आणि लढाईपक्षाचे हे दैवत असूनही त्याच्या कथेवर भाष्ये लिहिणाऱ्यांची संख्या कथापक्षाला लाजविणारी आहे, ही बाब पुतण्या मोठ्या अभिमानाने आणि भाचा मोठ्या नाखुषीने मान्य करतो.

कथापक्षाची बाजू जेथे लंगडी पडते ती किरकोळ कामगिऱ्यांत. मुख्य कथा जगबुडी थांबविण्याची असते, पण वाटेत भेटणारा प्रत्येक इसम नायकाला आपले काम सांगतो: अमुक डोंगरावरून मुळी आण, तमुक मठातून चिठ्ठी आण, ती चिठ्ठी दाखविल्याशिवाय दरवान दार उघडणार नाही. ‘स्कायरिम’ नावाच्या खेळात तर ड्रॅगन आकाशात घिरट्या घालीत असता खेळाडू या कामांत महिनेच्या महिने घालवितात. पाश्चात्य देशांत याला विरंगुळा म्हणत असतील. ज्याने नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यासाठी उत्पन्नाचा दाखला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल आणि तलाठी सापडण्यासाठी त्याच्या तीन सज्जांची वारी केलेली आहे त्याला यात अद्भुत ते काय सापडावे? आणि दूरदेशीहून संजीवन जल आणण्याची कामगिरी म्हणाल, तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली आगगाडी लातूरने डोळ्यांनी पाहिली आहे. त्या वेळी कोणी पार्श्वसंगीत वाजविले नव्हते.

असो. हा वाद नवा आहे असे मात्र पोरांनी समजू नये. चौदाव्या शतकाच्या आरंभी बोरीच्या भास्करभट्टांनी ‘शिशुपाळवध’ हे काव्य रचले, तेव्हा त्यांच्याच महानुभाव पंथातील जाणत्याने ते वाचून ग्रंथ उत्तम साधल्याची पावती दिली आणि लगेच, शृंगार फार झाला, विरक्तांच्या कामाचा नाही, असा शेरा मारला. भास्करभट्टांनी तो मनावर घेऊन पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली. आजच्या एखाद्या खेळाच्या कर्त्याने टीकाकाराचा शेरा वाचून पुढल्या खेळातून तरवारीच काढून टाकाव्यात, असा हा प्रकार होय. आणखी जवळचा दाखला हवा तर मार्गशीर्षात नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जावे. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारापलीकडे तमाशाचे फड लागतात. गण होतो, गौळण होते, रंगबाजी सुरू होते, आणि तंबूत तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष रंगबाजी थांबू देत नाही. दुसरा, बहुधा पटकेवाला आणि मागे बसलेला, वग केव्हा लावता म्हणून खोकत राहतो. वग लागला की पहिला पक्ष चहाला जातो. माझे वडील वगवाले होते, चुलते रंगबाजीवाले. दोघे एकाच बैलगाडीतून यात्रेस जात आणि वेगवेगळ्या गाड्यांतून परत येत.

कथापक्षाने याहून वरच्या कोर्टात एक दाखला नेऊन ठेवलेला आहे. दोन्ही सैन्ये शंख फुंकून समोरासमोर उभी असता मध्येच रथ थांबवून सातशे श्लोकांचा संवाद व्हावा, आणि तो कोणी वगळू नये, असे ज्या देशाने ठरविले, त्या देशात लढाई श्रेष्ठ म्हणणारा भेटावाच कसा, असे भाचा विचारतो. शिवाय ज्ञानेश्वरांनी त्या संवादाच्या नऊ हजार ओव्या केल्या, लढाईला एक शब्दही वाढवून दिला नाही, हे तो पुरवणी म्हणून जोडतो. पुतण्याचे म्हणणे असे की संवाद सातशे श्लोकांचा असला तरी त्याचा निकाल ‘ऊठ आणि लढ’ हाच लागला. यावर मी तरी काय बोलणार? दोघांनाही वरण-भात वाढायला सांगितले.

तिकडे परदेशांत या वादाचा तहनामा करण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण ते शहाण्यासुरत्यांना शोभेलसे झाले नाहीत. एका नामांकित कंपनीच्या लेखिकेने २००६ च्या सुमारास, संवाद जसे वगळता येतात तशी लढाईही वगळता यावी, एवढे निरुपद्रवी मत मांडले होते. पुढे २०१२ साली ते उकरून काढून लोकांनी तिला इतकी अर्वाच्य बोलणी ऐकविली की तरवारवाल्यांच्या शौर्याविषयी माझा आदर त्या दिवशी पुष्कळच कमी झाला. त्याच वर्षी त्या कंपनीच्या ‘मास इफेक्ट ३’ या अंतराळखेळात लढाई प्रधान, कथा प्रधान आणि दोन्ही सम, अशा तीन वाटा करून दिल्या. त्रिभाजनाची ही योजना मी आमच्या पोरांपुढे ठेवली, तेव्हा दोघांनी एका स्वरात ती फेटाळली, कारण दुसऱ्याला त्याच्या मनासारखे खेळता आले तर आपल्या विजयात अर्थ काय राहिला? आयुक्तालयाचा प्रश्नही याच खडकावर फुटलेला आहे.

दोघांचे खरोखरीचे एकमत मी एकदाच पाहिले. २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणांच्या वळणाचा खेळ आला. राक्षसांनी पळविलेल्या आपल्या लहान भावाला शोधणारी मुलगी, दुर्गेने दिलेले आयुध, बाहुल्यांच्या खेळाच्या ढंगाने सांगितलेली कथा. भाच्याने कथेची तारीफ मांडली, पुतण्याने लढाईत उणीव काढली, रण माजण्याच्या बेतात होते, इतक्यात मी सहज म्हणालो की हा खेळ पुण्यात तयार झाला आहे. दोघे क्षणभर गप्प झाले. मग आपल्याकडे असे काही का निघत नाही, निधी कोठे मुरतो, अनुशेष केव्हा भरणार, या विषयांवर नांदेडची विष्णुपुरी आणि लातूरची गंजगोलाई यांचा एकच सूर लागला आणि तो अर्धा तास टिकला.

भाऊबीज आटोपून आम्ही तिघे एसटीने लातूरला निघालो, तेव्हा वादाने नवे वळण घेतले. नांदेडच्या मुक्कामात पुतण्याने भाच्याच्या लॅपटॉपवर ‘एल्डन रिंग’ या २०२२ सालच्या खेळातली मलेनिया नावाची वीरांगना मारली होती, तीही पहाटे, भाचा झोपलेला असताना. लोहा मागे पडले तशी त्याने ती हकीकत सांगायला सुरुवात केली, आणि हा लढाईपक्षाचा मनुष्य, ज्याला कथेचे नाव काढले की जांभई येते, तो अशा रीतीने सांगू लागला की पुढच्या बाकावरच्या माणसांनी माना वळविल्या. ती एका प्रचंड वृक्षाच्या मुळाशी एकटी बसलेली. अंगाला सडण्याचा रोग, एक हात गेलेला, त्या जागी सोन्याचा हात. जुळा भाऊ कोणी पळवून नेलेला, त्याची वाट पाहत बसलेली. मग लढाई: तिचा प्रत्येक वार लागला की तिचीच जखम भरून येते, अधांतरी उडून ती वारांचा असा भडिमार करते की पळायला वाट राहत नाही. माळेगाव आले आणि गेले तरी कोणी खिडकीबाहेर पाहिले नाही. शेजारी एक आजीबाई भावाकडून ओवाळणी घेऊन परत निघाल्या होत्या. मांडीवरची पिशवी घट्ट धरून त्या ऐकत होत्या.

“मग भाऊ आला का तिचा?” त्यांनी विचारले.

“नाही आला, आजी.”

“अन् तू तिला मारलास व्हय रे?”

“ती अंगावर आली, आजी.”

“तिच्या घरात कोण शिरलं होतं?”

पुतण्या निरुत्तर झाला. लढाईपक्षाच्या कोणत्याही ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर दिलेले नसावे. आता कथापक्षाने पुढे येऊन आपला विजय पदरात पाडून घ्यावा अशी वेळ आयतीच आली होती. आजीबाईंनी एका वाक्यात जे साधले ते भाच्याला वर्षभरात साधले नव्हते. मी त्याच्याकडे पाहिले. तो सीटच्या दांड्यावर ओणवा होऊन, आवाज शक्य तितका खाली आणून, पुतण्याला विचारीत होता, “पण तू ब्लीडचं हत्यार घेतलं होतंस का साधं? अन् लेव्हल किती होती? मी तिथंच दोन महिने अडकलोय, यार.”

अहमदपूर येईपर्यंत दोघे हत्यारांवर बोलत होते, आणि आजीबाई मला, त्या पोरीचे पुढे काय झाले, तिचा भाऊ कोणी नेला, आणि आईबाप होते की नाही, हे विचारीत होत्या.